आत गेले किती, बाहेर आले किती?

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते. घाट चढायचा म्हणून मागून जादा इंजिनं लावली जातात, तोवर फलाटावर वडेवाल्यांची धावपळ चालते. मग गाडी हलते, आणि डब्यातली झाडून सगळी मुलं एकाच उद्योगाला लागतात. बोगदे मोजायचे! अंधार झाला की जोरात ओरडायचं, उजेड आला की एक बोट दुमडायचं.

आम्ही भावंडंही मोजायचो. खंडाळा येईपर्यंत माझा आकडा एक, धाकट्या भावाचा दुसरा आणि आतेभावाचा तिसराच! मग लोणावळ्याची चिक्की तोंडात पडेपर्यंत भांडण. आजोबा शेजारी बसून हे सगळं ऐकत असायचे. एकदा ते सहज म्हणाले, "बोगदे मोजता ते ठीक आहे रे. पण खोदणारे किती होते, ते कोणी मोजलं का?"

भावानं ताडकन उत्तर दिलं, "इंग्रजांनी खोदले!" पुस्तकात तसंच होतं ना. इंग्रजांनी भारतात रेल्वे आणली. आजोबा हसले. म्हणाले, "साहेबानं नकाशा काढला, बाळा. कातळावर घण काही साहेबानं घातला नाही."

त्या वेळी आम्हाला चिक्कीत जास्त रस होता. पुढं मोठेपणी या घाटातल्या रेल्वेविषयी मिळेल ते वाचत गेले, तेव्हा आजोबांचा प्रश्न किती खोल होता ते कळलं. दोस्तांनो, आज त्याच मोजणीची गोष्ट सांगणार आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, हे तुम्हाला पाठ असेल. पण ठाणं म्हणजे सपाटीवरचं गाव. मुंबईच्या बंदराला खरा हवा होता तो देशावरचा कापूस आणि धान्य. तो आणायचा तर मध्ये सह्याद्री छाती काढून उभा! १८५८ पर्यंत मुंबईकडून रूळ घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आले होते आणि पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत. मधला भोरघाट तेवढा राहिला होता. प्रवाशांनी खोपोलीला गाडीतून उतरायचं, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचं. म्हणजे आगगाडीच्या प्रवासात मधेच बैलगाडी!

हा मधला तुकडा जोडण्याचं काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झालं. सुमारे २५ किलोमीटरचा मार्ग, चढ साधारण ५५८ मीटरचा. सगळ्यांत अवघड जागी चढण अशी, की ३७ फूट पुढं गेलं की १ फूट वर. पायी चालताना हे फारसं जाणवणार नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक चढवायचं म्हणजे ही भलतीच उभी चढण. या मार्गावर २५ बोगदे पाडायचे होते. त्यांची लांबी एकत्र केली तर साडेतीन किलोमीटरांच्या थोडी पुढं जाते. एकही बोगदा अर्धा किलोमीटर लांब नव्हता.

"एवढंच?" असं वाटलं ना? मग तो बोगदा खोदायचा कसा, ते आधी बघू.

सह्याद्रीचा कातळ म्हणजे काळा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन तयार झालेला. टिकाव मारला तर ठिणगी उडते, दगड हलत नाही. त्या काळी यंत्राचा ड्रिल भोरघाटात नव्हता. डायनामाइट तर जगातच नव्हतं. आल्फ्रेड नोबेलनं त्याचं पेटंट घेतलं १८६७ मध्ये, म्हणजे हा घाट पुरा झाल्यावर चार वर्षांनी. तेव्हा हाताशी होतं काय? पोलादी पहार, घण आणि बंदुकीत भरतात ती काळी दारू.

एकानं पहार कातळावर धरायची, दुसऱ्यानं तिच्या डोक्यावर घण घालायचा. प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची आणि पुन्हा घाव. असं करत हातभर खोल भोक पाडायचं. घाव चुकला तर पहार धरणाऱ्याचं मनगट गेलंच समजा. भोक झालं की त्यात दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. स्फोट झाला की धूर निवळायची वाट बघायची आणि आत जाऊन फुटलेला दगड उपसायचा. एखादा सुरुंग न उडता तसाच राहिला आणि पुढच्या पाळीच्या माणसाची पहार नेमकी त्यावर पडली, तर? याचं उत्तर मी लिहायला नको.

बोगद्याच्या तोंडापाशी पोचणं हेच काही ठिकाणी जिवावरचं काम होतं. कडा सरळ तुटलेला, पाय ठेवायला जागा नाही. मग वरून दोर सोडायचे, दोराला माणसं बांधून खाली उतरवायची आणि त्यांनी कड्यावर लटकत लटकत पहिली भोकं पाडायची. दोर कसला, तर काथ्याचा किंवा अंबाडीचा. डोक्यावर काय, तर मुंडासं.

ही माणसं कोण होती? घाटावरच्या आणि घाटाखालच्या खेड्यांतली. दगडफोडीत वाकबगार असलेले वडार होते, जमीन नसलेले मजूर होते, सुगी संपल्यावर चार पैसे मिळवायला आलेले शेतकरी होते. एकटे पुरुष नव्हते, बरं का! बायका आणि मुलंही असायची. बाप कातळ फोडणार, आई पाटीत दगड भरून डोक्यावरून वाहणार आणि तुमच्या वयाची मुलं लहान पाट्या उचलणार. पावसाळ्यात घाटात उभं राहणं मुश्कील, त्यामुळं काम मंदावायचं आणि बरेच जण पेरणीला गावी परतायचे. दसरा-दिवाळी झाली की पुन्हा घाटात.

१८६१ साली या कामावर ४२ हजारांहून जास्त माणसं होती. वानखेडे स्टेडियम गच्च भरलेलं टीव्हीवर पाहिलंय ना? तेवढी माणसंसुद्धा कमीच पडतील. एवढा लोंढा घाटाच्या उतारांवर, गवताच्या आणि पाल्याच्या झोपड्यांत राहत होता.

त्यांना मजुरी मिळायची ती थेट कंपनीकडून नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी. तिचा ठेकेदार विल्यम फेव्हिएल नावाचा इंग्रज. त्याच्या हाताखाली छोटे ठेकेदार, त्यांच्या खाली मुकादम आणि मुकादमाच्या खाली मजूर. वरून निघालेला पैसा एकेका हातातून खाली झिरपत यायचा. तळाशी पोचेपर्यंत कधी उशीर व्हायचा, कधी तो कमी व्हायचा, कधी पोचायचाच नाही. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा संयम सुटला. त्यांनी दंगा केला, युरोपीय देखरेखदारांवर हल्ले झाले. सरकारनं चौकशी केली, तेव्हा मजुरीबद्दलच्या तक्रारीत तथ्य आहे असं दिसून आलं. त्यानंतर १८६० मध्ये एक कायदा झाला. रेल्वे, कालवे अशा कामांवरचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटनं झटपट निकालात काढावेत, असं त्यात होतं. ऐकायला छान वाटतं. पण त्याच कायद्यात कबूल केलेलं काम अर्धवट सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षाही ठेवली होती!

फेव्हिएलनं दंग्याच्याच वर्षी, १८५९ मध्ये, ठेका सोडला. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाचा दुसरा इंग्रज ठेकेदार आला आणि काही आठवड्यांतच आजारपणात दगावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल ही मायदेशी परत जाऊ शकली असती. पण तिनं नवऱ्याचा ठेका स्वतःकडे घेतला, दोन जाणते इंजिनिअर व्यवस्थापक म्हणून नेमले आणि काम तडीस नेलं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एका बाईनं हे करावं, ही गोष्ट खरंच दाद देण्यासारखी आहे. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले यांची तब्येतही इथं ढासळली. ते इंग्लंडला परतले आणि १८६२ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी वारले. घाटातून धावणारी गाडी त्यांना बघायला मिळालीच नाही.

आता एक गंमत ध्यानात आली का? गंमत कसली, खटकणारी गोष्टच ती. वरच्या परिच्छेदांत फेव्हिएल आला, ट्रेडवेल आला, अ‍ॅलिस आली, बर्कले आले. त्यांची नावं मला ठाऊक आहेत. त्यांच्या मृत्यूची सालंसुद्धा सांगता येतात. पण दोरावर लटकलेल्या एकाही माणसाचं नाव मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण इतिहासाच्या पुस्तकांत ते येत नाही.

सुरुंगानं आणि दरडीनं माणसं मेलीच. पण सगळ्यांत जास्त बळी घेतले ते रोगांनी. १८५९-६० च्या हंगामात घाटात पटकीची साथ आली. पटकी म्हणजे कॉलरा. तो दूषित पाण्यातून पसरतो, हे डॉ. जॉन स्नो यांनी लंडनमध्ये १८५४ मध्ये दाखवून दिलं होतं. पण खुद्द लंडनच्या डॉक्टरांनाही ते नीटसं पटलं नव्हतं. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी ओळखला तो १८८४ मध्ये. तेव्हा भोरघाटातल्या झोपडीत कोणाला काय कळणार? एकाच ओहोळात वरच्या अंगाला कपडे धुवायचे, खालच्या अंगाला प्यायचं पाणी भरायचं. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी गेलेला असायचा. घरची माणसं मरीआईला नवस बोलायची. काही जण भीतीनं पळून गावी जायचे, आणि रोगही त्यांच्याबरोबर गावी जायचा. मीठ-साखरेचं पाणी योग्य प्रमाणात आणि वेळेवर पोटात गेलं असतं, तर त्यातली कित्येक माणसं वाचली असती. आज हे आपल्याला शाळेत शिकवतात.

एप्रिल १८६३ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचं उद्घाटन झालं. समारंभ झाला, भाषणं झाली.

आणि मेलेले किती? अभ्यासकांनी मागाहून जे अंदाज केले, ते २५ हजारांच्या आसपास जातात. अंदाजच, कारण त्या वेळी कोणी मोजलंच नव्हतं. मुकादम रोजच्या रोज हजेरी मोजायचा ती मजुरीसाठी. माणूस दोन दिवस दिसला नाही तर तो पळाला, आजारी पडला की मेला, याच्याशी वहीला काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या जागी दुसरा उभा राहिला की वही पूर्ण!

२५ किलोमीटर, २५ बोगदे, २५ हजार माणसं. बोगद्यांची लांबी मोजून लिहून ठेवली आहे. माणसांचा मात्र नुसता अंदाज.

लोकांनी मात्र आपल्या परीनं आठवण ठेवली. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं घाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. लोक सांगतात, की घाटातून वाट कुठून काढावी ते इंग्रज इंजिनिअरांना उमगत नव्हतं. शिंग्रोबा नावाच्या धनगरानं त्यांना आपल्या गुराढोरांची वाट दाखवली. "बक्षीस काय हवं?" असं विचारल्यावर त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं, आणि साहेबानं त्याला गोळी घातली. ही दंतकथा आहे. तिला पुरावा मागायला मी जात नाही. पण असं बघा, हजारो माणसं त्या डोंगरात गेली आणि त्यांच्यातलं एकही नाव हाती लागेना, तेव्हा लोकांनी एक नाव धरून ठेवलं. आजही तिथून जाणारे ड्रायव्हर गाडीतूनच नाणं टाकून नमस्कार करतात.

आता ही गोष्ट घाट सोडून माझ्या मामाकडे वळते.

मामाचं गाव संगमेश्वर तालुक्यात. १९९० नंतरच्या त्या वर्षांत मामा एका डोंगरातल्या बोगद्याच्या कामावर, एका छोट्या ठेकेदाराकडे मस्टर लिहायला होता. मस्टर म्हणजे हजेरीची वही. सुट्टीत आम्ही गेलो की तो आम्हाला कामाच्या गोष्टी सांगायचा. बोगद्याच्या तोंडाशी एक लाकडी फळी होती. फळीवर खिळे, प्रत्येक खिळ्याला आकडा. आत जाणाऱ्यानं आपला पत्र्याचा बिल्ला त्या खिळ्याला अडकवायचा आणि बाहेर आला की काढून घ्यायचा. "पाळी सुटली की माझी नजर आधी फळीवर," मामा म्हणायचा. "फळी रिकामी दिसली की मग चहा."

एका संध्याकाळी फळीवर एक बिल्ला राहिला.

सुरुंगानंतर दगड उपसताना छतातली एक शिळा निखळली होती. पोरगा विशीतला, दूरच्या राज्यातून टोळीबरोबर आलेला. मामानं वही उघडली, तर त्या ओळीत फक्त पहिलं नाव. बापाचं नाव नाही, गाव नाही, जिल्हा नाही. टोळीतल्या दोघाचौघांना विचारलं. ते वाटेत एका स्टेशनवर भेटलेले सोबती. त्यांना एवढंच ठाऊक, की त्याचं गाव नदीच्या पलीकडं आहे आणि त्याला एक धाकटी बहीण आहे. पोरगा तिच्यासाठी पैसे साठवत होता.

कामावर माणूस मेला तर त्याच्या वारसाला भरपाई द्यावी लागते. १९२३ पासून तसा कायदा आहे. भोरघाटाच्या वेळी तो नव्हता. पण कायदा असूनही उपयोग काय? अर्जावर पहिलाच रकाना मृताच्या पूर्ण नावाचा आणि दुसरा गावाचा. तारा केल्या, माणसं पाठवली. गावाचा पत्ता लागायला सहा दिवस लागले. मोठा भाऊ आला तेव्हा अंत्यसंस्कार होऊन गेले होते. मामानं त्याच्या हातात तो बिल्ला ठेवला. देण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

भाऊ परत गेल्यावर मामानं नवी वही आणली. तिच्यात पट्टीनं रकाने आखले. नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, घरी कोण. ठेकेदार कुरकुरला, "शाई फुकटची आहे का? हजेरीला एक नाव पुरतं की." मामानं काही उत्तर दिलं नाही आणि लिहायचंही थांबवलं नाही. दीडशे माणसांना एकेक करून समोर बसवलं. एकाला आपल्या गावाचं नाव कागदावर कसं दिसतं ते बघायचं होतं. त्यानं ते दोनदा वाचून घेतलं.

मी तेव्हा आठवीत होते. मामाला विचारलं, "पण मामा, वहीत लिहिलं म्हणून दगड पडायचा थांबतो का?"

मामा म्हणाला, "दगड नाही थांबत गं. पण माणूस वहीत पुरा असला, की त्याच्या मरणाचा जाब कोणाला तरी द्यावा लागतो. जाब द्यायचा म्हटलं, की ठेकेदार छताला टेकू जरा लवकर लावतो."

त्याच वर्षांत कोकण रेल्वेचं मोठं काम चालू होतं. १९९० मध्ये सुरू झालेला हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला. लांबी सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदहून जास्त बोगदे. सगळे बोगदे एकापुढं एक ठेवले तर सुमारे ८४ किलोमीटर भरतात, म्हणजे भोरघाटाच्या वीसपटीहून जास्त! रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरांचा आहे.

इथं एक उलटी गोष्ट शिकायला मिळाली. आपल्याला वाटतं कठीण कातळ म्हणजे अवघड काम. कातळासाठी स्वीडनहून यंत्रं आली होती, आणि कातळ एकदा कापला की आपलं छत आपण तोलून धरतो. खरा जीव काढला तो मऊ मातीनं. नऊ बोगदे असे होते, की जिथं पाण्यानं भिजलेली माती खणली की पुन्हा खाली यायची. यंत्र चालवावं तर सगळंच बसायचं. मग माणसांनी हातानं थोडं थोडं उकरायचं, लगेच लोखंडी कमानी उभ्या करायच्या, सिमेंट फवारायचं आणि पुढं सरकायचं. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यानं तर सगळ्यांना रडकुंडीला आणलं. ती माती आजही पुरती शांत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये याच बोगद्याची भिंत ढासळली, आणि जुलै २०२४ मध्ये आत पाणी-चिखल शिरून गाड्या थांबल्या.

कोकण रेल्वे बांधताना ७४ जणांचे प्राण गेले. त्यांच्या स्मरणार्थ रत्नागिरी स्टेशनात श्रमशक्ती स्मारक उभारलं आहे.

भोरघाटाच्या पुढं ७४ हा आकडा लहान दिसतो. मामाला मी तसं म्हटलं, तर त्याचा चेहरा उतरला. ज्यानं एक बिल्ला फळीवर लटकलेला पाहिलाय, त्याला ७४ लहान कसा वाटेल? पण एक फरक आहेच. २५ हजार हा अंदाज आहे, ७४ ही मोजणी आहे. मधल्या काळात यंत्रं सुधारली, औषधं आली, कायदे आले, हे तर झालंच. पण मेलेल्या माणसाला मोजायचं असतं, हे शिकायलाही आपल्याला शंभराहून जास्त वर्षं लागली.

मोजणीत केवढं बळ असतं, ते आपण अलीकडेच बघितलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडात सिल्क्यारा इथं खोदकाम चालू असलेला बोगदा मध्येच ढासळला. तो रस्त्याचा बोगदा होता, पण डोंगर तसाच आणि मजूरही तसेच. आत ४१ जण अडकले. ४१, नेमके ४१! कोण कुठल्या राज्यातला, हे सगळ्या देशाला कळलं. सतरा दिवस कोणालाही "असतील पाच-पन्नास" असं म्हणून हात झटकता आले नाहीत. शेवटच्या टप्प्यात मोठं यंत्र अडकलं, तेव्हा अरुंद नळीत शिरून हातानं खणणारे मजूरच पुढं झाले. एकेक करून ४१ बाहेर आले, तेव्हाच मोजणी थांबली.

भोरघाटातही काम संपलेलं नाही. पावसाळ्याच्या आधी रेल्वेची 'हिल गँग' म्हणून ओळखली जाणारी टोळी कड्यांवर चढते. ही माणसं दोराला लटकून सुटे झालेले दगड शोधतात आणि ते गाडीवर पडण्याआधीच खाली पाडतात. पावसात रात्री-अपरात्री कंदील-बॅटरी घेऊन रुळांवर गस्त घालणारेही आहेत. १८५६ मध्ये पणजोबांचे पणजोबा ज्या कड्यावर लटकले, त्याच कड्यावर आज कोणीतरी लटकतंय. त्याच्या डोक्यावर आता हेल्मेट आहे आणि हजेरीपटावर त्याचं पूर्ण नाव आहे.

दोस्तांनो, भोरघाटातल्या माणसांची यादी आता कोणालाच करता येणार नाही. ती वेळ गेली. पण तुमच्या नात्यात, गल्लीत, शेजारच्या वस्तीत धरणावर, पुलावर, बोगद्यावर किंवा मेट्रोच्या खोदकामावर राबलेलं कोणीतरी नक्की असेल. वयस्कर असतील तर आधी त्यांच्याकडे जा. त्यांच्याजवळ बसा, बोलतं करा आणि वहीत लिहून ठेवा. त्यांचं पूर्ण नाव, गाव, काम कुठलं, साल कोणतं. त्यांच्याबरोबर काम करताना कोणी गेलं असेल, तर त्यांचंही नाव विचारा. आठवायला वेळ लागेल. लागू द्या. घाई करू नका.